लाल कोळंबी आणखी लाल कशी होते: टाकीतल्या कोळंबीचे रंग निवडून वाढवताना

टाकीत नजर टाकली की सगळ्या लालच दिसतात. पण टाकीतलंच दोन बोटं पाणी एका पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये घ्या, त्यात दहा-बारा तरुण कोळंब्या सोडा आणि जरा वाकून बघा. एकीच्या पाठीवर रंग साईसारखा दाट आहे, पण पाय काचेसारखे. दुसरीच्या मानेमागे टाचणीच्या डोक्याएवढी पारदर्शक खिडकी राहिली आहे. तिसरी पूर्ण रंगलेली, पण लाल म्हणावी तर विटकरीकडे झुकणारी. आणि कोपऱ्यात एक बारीकसा नर, ज्याच्याकडे टाकीत कधी लक्षही गेलं नसतं, त्याच्या पोटाच्या कडेपर्यंत रंग उतरलेला. रंगवाण जोपासणं माझ्या लेखी या ट्रेपाशी सुरू होतं.

एखादी देखणी मादी आणली म्हणून वाण तयार होत नाही. नको त्या कोळंब्या वेळेत बाजूला काढाव्या लागतात, नरांकडे माद्यांइतकंच बारकाईने बघावं लागतं आणि हे पिढ्यानपिढ्या नेटाने चालू ठेवावं लागतं. टाकी लावणं, पाणी तयार करणं हे सगळं लागतंच, पण ते महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतं. नजर तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून या लेखात मी त्यावर जास्त थांबणार आहे.

सुरुवात कुठल्या कोळंबीने

चेरी श्रिंप म्हणून जी ओळखली जाते ती निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची पूर्व आशियातली, चीन-तैवानकडची. नैसर्गिक पाण्यात ती तपकिरी-हिरवट आणि अर्धपारदर्शक असते, कारण तळाच्या पालापाचोळ्यात उठून न दिसणं हेच तिचं संरक्षण. लाल, नारिंगी, पिवळी, निळी, काळी, चॉकलेटी, अंगाच्या मधल्या भागात पारदर्शक असणारी रिली, हे सगळे याच एका प्रजातीतून माणसाने निवडून वेगळे काढलेले रंग.

दुसरा मोठा गट कॅरिडिनाचा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड त्यातलीच. तिची जन्मकथा प्रत्येक नवख्याला माहीत असावी असं मला वाटतं. १९९० च्या दशकात जपानमधले पैदासकार हिसायासू सुझुकी यांना काळ्या-पांढऱ्या बी श्रिंपच्या गर्दीत लाल-पांढरं पिल्लू आढळलं. काळ्यांच्या जागी लाल एवढाच फरक. त्यांनी लाल तेवढ्या वेगळ्या काढल्या, त्यांच्यातल्याच चांगल्या पुढे नेल्या आणि क्रिस्टल रेड हा वाण उभा राहिला. असं वेगळं पिल्लू दिसण्यासाठी आधी टाकीत रोज डोळे लावून बसावं लागतं.

नवख्यांनी मात्र निओकॅरिडिनानेच हात बसवावा. तिला पाण्याचा सामू साधारण ६.५ ते ७.८ चालतो, जीएच (पाण्याची एकूण कठीणता) ६ ते १०, केएच (सामू स्थिर ठेवणारी कार्बोनेट कठीणता) २ ते ६, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १८० ते ३०० पीपीएमच्या आसपास. कॅरिडिनाच्या क्रिस्टल जातींना आम्लधर्मी पाणी लागतं. सामू ५.५ ते ६.५, केएच जवळजवळ शून्य, म्हणजे आरओचं पाणी, त्यात मोजून घातलेली खनिजं आणि खाली सामू धरून ठेवणारी माती. ते जमतं, पण पाणी सांभाळण्यातच लक्ष गुंतलं तर निवडीकडे दुर्लक्ष होतं.

रंगही एकच घ्या. लाल किंवा पिवळा घेतलात तर उत्तम, कारण त्यांत उणीव पटकन दिसते. निळ्याचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण ब्ल्यू ड्रीमसारख्या निळ्या वाणांत मधूनच तपकिरी किंवा भलत्याच रंगाची पिल्लं निघतात, आणि नवख्याला ती का निघाली हे उलगडत नाही.

टाक्या, आणि त्या दोनच का नकोत

टाकी ३० ते ४० लिटरची पुरते. त्याहून लहान टाकीत पाण्यात चटकन बदल होतो आणि कोळंबीला बदलच सोसत नाही. स्पंज फिल्टर लावा, कारण नवं पिल्लू दोन मिलिमीटरचं असतं आणि उघड्या तोंडाचा फिल्टर त्याला ओढून घेतो. स्पंजवर जमणारा जिवाणूंचा थर हे त्याचं पहिलं खाणंही असतं. मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारी बारीक झुबकेदार वनस्पती, भरपूर लावा. तळ गडद रंगाचा घ्या. टाकी लावल्यावर कोळंबी सोडायची घाई करू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहायला हवेत, त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवा. तांबं असलेली माशांची औषधं या टाकीच्या जवळपासही आणू नका, कोळंबीसाठी तांबं विषच आहे.

तापमान २२ ते २४ अंश सेल्सिअस. जास्त गरम पाण्यात वाढ भरभर होते, पण आयुष्य आखूड होतं. शिवाय निओकॅरिडिनाच्या पिल्लांत नर-माद्यांचं प्रमाण तापमानावर हलतं. २० अंशांच्या आसपास वाढवलेल्यांत माद्या बहुसंख्य निघतात, २६ अंशांना नर बहुसंख्य. तुमच्या टाकीत अचानक नरच नर दिसू लागले तर आधी थर्मामीटर बघा.

टाक्या किती? पैदाशीची एक आणि बाजूला काढलेल्यांची एक, या दोन तर हव्यातच. एकच टाकी असेल तर निवड ही नुसती मनातली गोष्ट राहते. पण जागा असेल तर तिसरी लावाच. तिचा उपयोग पुढे रक्त बदलण्याच्या वेळी कळेल.

पहिला गट

१५ ते २० कोळंब्या घ्या, एकाच रंगाच्या, आणि तरुण. पूर्ण वाढलेली तीन सेंटिमीटरची गडद मादी बघून मोह होतो, पण या कोळंबीचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं, फार तर दोन वर्षांचं. ती मोठी मादी किती दिवस उरली आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या घेतल्या तर त्या तुमच्याच पाण्यात मोठ्या होतात आणि त्यातच अंडी धरतात.

विकत घेताना चेरी, साकुरा, फायर रेड, पेंटेड फायर रेड अशी प्रतवारीची नावं ऐकू येतील. या क्रमाने रंग दाट आणि अपारदर्शक होत जातो, इतकं खरं. पण ही नावं लावणारा प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने लावतो. एकाची साकुरा दुसऱ्याची फायर रेड असते. त्यामुळे नाव विचारण्याऐवजी हे विचारा: ही कितवी पिढी, यात बाहेरची कोळंबी कधी मिसळली, पिल्लांत वेगळे रंग निघतात का? आणि जमलं तर त्यांच्या टाकीतले नर बघा.

आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि तुमचं पाणी हळूहळू जुळवा. बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडत तास-दोन तासांत पाणी तिप्पट होऊ द्या, मग कोळंब्या जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. डोक्यापाशी पांढरे केस उभे दिसले किंवा पोटाखाली अंड्यांच्या जागी हिरवट शेवाळासारखा पुंजका दिसला तर त्या कोळंबीला वेगळी ठेवा. तो हिरवा पुंजका अंडी नव्हे, परोपजीवी असतो, आणि नवखी माणसं त्याला बघून आनंदतात.

पिल्लं कशी येतात

मादीच्या डोक्यामागे, पाठीवर पिवळसर किंवा हिरवट डाग दिसू लागतो. खोगिरासारखा दिसतो म्हणून त्याला सॅडल म्हणतात. ती तिच्या अंडाशयात तयार होणारी अंडी. दाट रंगाच्या मादीत ती मुळीच दिसत नाहीत, मग पोटाच्या गोलाईवरून ओळखावं लागतं.

मग एके दिवशी ती कात टाकते. पाठीच्या सांध्यात फट पडते आणि एका झटक्यात अख्खं अंग बाहेर सुटून येतं. मागे राहते ती मिशांसकट, पायांसकट काचेची कोळंबी. आता मादीचं अंग मऊ असतं आणि पाण्यात तिचा गंध पसरतो. एरवी मॉसमध्ये टिपत बसलेले नर एकाएकी टाकीभर सैरावैरा पोहू लागतात, काचेला धडकतात, वळतात, पुन्हा सुटतात. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की पाणी बिघडलं. तसं नसतं, मादी शोधणं चाललेलं असतं. मिलन क्षणभराचं. त्यानंतर काही तासांत अंडी पोटाखाली येतात आणि मादी पोहण्याचे पाय हलवत त्यांना सतत वारा घालत राहते.

एका वेळी वीस-तीस अंडी असतात, लहान मादीत त्याहून कमी. तीन ते चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, आणि ती थेट छोट्या कोळंब्याच असतात. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या काही जातींसारखी अळीची अवस्था नाही. अडीच-तीन महिन्यांत ती स्वतः पैदाशीला येतात. अंड्यांचा महिना धरला तर पिढीला साधारण चार महिने, म्हणजे वर्षाला तीन पिढ्या. मासे किंवा पक्षी पाळणाऱ्यांपैकी अनेकांना इतक्या कमी वेळात आपल्या निवडीचं फळ दिसत नाही.

कातेचं कवच टाकीतून काढू नका. कोळंब्या ते खातात आणि त्यातली खनिजं परत मिळवतात.

निवड

पहिली निवड पाचव्या-सहाव्या आठवड्यात करायची. या वेळी फक्त उघड उणिवा बघायच्या: अगदी फिकट, तपकिरी, भलत्या रंगाची किंवा वाकड्या अंगाची पिल्लं. ती वेळेत निघायला हवीत, कारण एकदा मादीने अंडी धरली की तिची वीस-तीस पिल्लं तुमच्या गटात आलीच.

खरी निवड दहाव्या ते बाराव्या आठवड्यात. ट्रे घ्या. रोज एकाच दिव्याखाली आणि शक्यतो एकाच वेळी बघा. सगळ्या कोळंब्या एकाच वयाच्या असू द्या, कारण वय वाढतं तसा रंग गडद होतो. मोठी मादी लहान मादीपेक्षा लाल आहे, यावरून वारशाबद्दल काहीच कळत नाही.

दिसणारा रंग सगळाच वारशाचा नसतो, हे इथे पक्कं लक्षात ठेवायला हवं. कोळंबीच्या त्वचेत रंगपेशी असतात आणि त्यांतला रंग पसरतो किंवा आक्रसतो. गडद तळावर ती गडद होते, पांढऱ्या तळावर फिकी पडते. घाबरली की फिकी, कात टाकण्याच्या सुमारास फिकी, पाणी बदललं की फिकी. लाल-नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइडं तिला स्वतः बनवता येत नाहीत, ती शेवाळातून आणि खाण्यातून येतात. म्हणून शेवाळ नसलेल्या उजळ टाकीतली एखादी उत्तम वंशाची कोळंबी मळकट दिसते, आणि काळ्या मातीवर, भरपूर खाऊन वाढलेली सामान्य कोळंबी डोळे दिपवते. दोघींना एकाच टाकीत तीन आठवडे ठेवा, मग बोला. ट्रे पांढरा असल्यामुळे त्यातही त्या हळूहळू फिक्या पडतात. पाच-दहा मिनिटांत बघून परत सोडा, आणि एकमेकींशी तुलना करा, आठवणीतल्या रंगाशी नको.

काय बघायचं? मी या क्रमाने बघते. आधी अपारदर्शकता: पाठीतून आतडं दिसतं का? मग सलगपणा: मान, शेपटीचं मूळ आणि बरगडीसारख्या बाजूच्या कवचांच्या खालच्या कडा, रंग तुटतो तो बहुतेक इथेच. मग पाय. लाल वाणात पाय रंगलेले असणं ही फार पुढची पायरी आहे, पहिल्या वर्षी पायांसाठी कुणाला बाद करू नका. सगळ्यात शेवटी छटा. छटेवर डोळा सहज फसतो, म्हणून ती शेवटी. आणि रंगाच्याही आधी तब्येत: चपळ आहे का, मिशा अखंड आहेत का, कात सुरळीत टाकते का. अप्रतिम रंगाची पण दर वेळी कातेत अडकणारी मादी मी पुढच्या पिढीत घेत नाही.

आता नर. नर लहान, सडपातळ, पोटाची रेषा सरळ, आणि जवळजवळ नेहमीच मादीपेक्षा फिके. त्यामुळे नवखा माणूस माद्या निवडतो आणि नर जे असतील ते राहू देतो. पण पिल्लाची निम्मी जनुकं बापाकडून येतात, आणि एक नर एकामागून एक कितीतरी माद्यांना पिल्लं देऊ शकतो. एक मळका नर सगळ्या निवडीवर पाणी फिरवतो. माझी लाल ओळ, म्हणजे पिढ्यानपिढ्या निवडून जोपासलेला लाल वंश, चौथ्या पिढीत अडली होती. माद्या दर वेळी सुंदर, पिल्लं दर वेळी निम्मी फिकी. शेवटी एका रविवारी मी एकूण एक नर ट्रेमध्ये घेतला आणि तेव्हा दिसलं की मी माद्यांना लावत होते तो निकष नरांना कधी लावलाच नव्हता. चांगले नऊ ठेवले, बाकीचे हलवले. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत जो फरक पडला तो आधीच्या वर्षभरात पडला नव्हता. नराची तुलना नराशीच करा. मादीशेजारी ठेवून पाहिलात तर चांगला नरही बाद वाटेल.

पहिल्या पिढीत हात सैल ठेवा, सगळ्यात वाईट तिसरा हिस्साच काढा. गट शंभराच्या पुढे गेला की मग वरचा चौथा हिस्सा ठेवण्याइतकं कडक व्हा. सुरुवातीलाच पाचच राखल्या तर त्या पाच जणींचे लपलेले दोष तुमच्या अख्ख्या ओळीचे होतात.

रंग लपतो कसा

रंग किती दाट, किती सलग, हे एका जनुकाचं काम नाही. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात, म्हणून प्रत सुधारते ती पायरीपायरीने. कोळंबी लाल की काळी, हा प्रश्न मात्र बऱ्याचदा एका-दोन जनुकांवर ठरतो, आणि तिथे शाळेत शिकलेलं प्रभावी-अप्रभावीचं गणित कामाला येतं.

क्रिस्टलचंच घ्या. लाल हा काळ्यापुढे अप्रभावी. शुद्ध काळी आणि लाल यांची पिल्लं सगळी काळी दिसतात, पण प्रत्येकात लाल लपलेला असतो. ही पिल्लं आपसात जुळली तर चारात सरासरी एक लाल निघतं. दिसायला काळी असलेली कोळंबी शुद्ध आहे की लाल लपवून आहे, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी तिला लाल जोडीदार द्यायचा. तिच्यात लाल लपलेला असेल तर निम्मी पिल्लं लाल निघतील. वीसच्या वीस काळीच निघाली तर ती शुद्ध आहे असं बिनधास्त धरा, लपलेला लाल असूनही असं होण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. अशी परीक्षा घ्यायची तर मादी वयात येण्याआधी वेगळी करून, एकाच निवडलेल्या नरासोबत छोट्या टाकीत ठेवावी लागते. सामूहिक टाकीत बाप कोण हे कधीच कळत नाही.

निओकॅरिडिनात लाल आणि निळ्या एकत्र ठेवल्या तर जांभळ्या होतील अशी आशा अनेकांना असते. बहुतेक वेळा निघतात त्या तपकिरी-पारदर्शक, मूळ रानटी रंगाच्या. लाल ओळीत एका ठिकाणचं जनुक बदललेलं आहे, निळ्या ओळीत दुसऱ्या ठिकाणचं. पिल्लाला लालकडून निळ्याच्या जागचं मूळ जनुक मिळतं आणि निळ्याकडून लालच्या जागचं. दोन्ही बदल झाकले जातात आणि अनेक पिढ्यांची निवड एका पिढीत पुसली जाते. नातवंडांत ते रंग काही प्रमाणात परत दिसतात, पण विखुरलेले, आणि ते पुन्हा गोळा करायला वर्षं लागतात. दिसायला सारख्या पण वेगळ्या वाटेने आलेल्या ओळींचंही हेच. ब्लडी मेरी आणि फायर रेड दोन्ही लाल, पण ब्लडी मेरी चॉकलेटी ओळीतून आलेली मानली जाते. सारख्या लाल दिसतात म्हणून त्यांना मिसळू नका.

एक हिशेब मुद्दाम सांगते, कारण तो न कळल्याने लोक हताश होतात. समजा एखादी अप्रभावी खोड शंभरात एकाच पिल्लात दिसते. मग ती लपवून असणारी पिल्लं किती? जवळजवळ अठरा. दिसलेलं एक तुम्ही काढलंत तरी अठरा आहेतच. म्हणून दर पिढीत काढूनही ती खोड फार सावकाश कमी होते. तुमचं काही चुकलेलं नसतं, काढत राहायचं.

रक्त ताजं ठेवणं

बंद गटात भावंडांचीच लग्नं होत राहतात. सहा-आठ पिढ्यांनी अंडी कमी, पिल्लं नाजूक, कातेत मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त, असं दिसू लागतं. इथेही नरांचा हिशेब आडवा येतो. २ नर आणि १८ माद्या असतील तर गट वीसचा दिसतो, पण आनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने तो जेमतेम सातांचा भरतो: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण संख्या. दर पिढीत त्यातली सुमारे ७ टक्के विविधता गळते. तेच १० नर आणि १० माद्या ठेवल्या तर गळती अडीच टक्क्यांवर येते. एकच सर्वोत्तम नर ठेवण्याचा मोह म्हणूनच आवरायचा.

तिसरी टाकी इथे कामाला येते. पहिल्याच वर्षी गटाच्या दोन ओळी करा, दोन टाक्यांत, निकष तेच. दर तीन-चार पिढ्यांनी एका ओळीतले चार-पाच उत्तम नर दुसरीत द्या आणि तिकडचे इकडे घ्या. बाहेरचं रक्त आणायचंच असेल तर तेही थेट मुख्य टाकीत नको. महिनाभर वेगळं ठेवून तब्येत बघा, मग त्यातल्या दोन-तीन नरांची मोजक्या माद्यांशी वेगळ्या टाकीत जोडी जमवा. त्यांची पिल्लं आणि नातवंडं, दोन्ही पिढ्या बघा. पहिल्या पिढीत न दिसणारं बरंच काही दुसरीत वर येतं. तिथे सगळं ठीक निघालं तरच आपल्या ओळीत.

वही आणि जाळी

प्रत्येक टाकीची वहीत वेगळी पानं ठेवा. तारीख, किती ठेवल्या, किती काढल्या आणि का काढल्या, तापमान, टीडीएस. 'का' हा रकाना कधी रिकामा सोडू नका. सहा महिन्यांनी 'मानेवर खिडकी' हे दोन शब्द बारा वेळा लिहिलेले दिसले की पुढच्या पिढीत कशावर जोर द्यायचा हे आपोआप कळतं. एकाच वेळी दोनच गुणांवर जोर द्या. पाचांवर दिलात तर कशातच पुढे सरकत नाही.

प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, सायफनची नळी वेगळी. मॉस एका टाकीतून दुसरीत कधीही थेट हलवू नका. दोन मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू मॉसच्या गोळ्यात दिसतच नाही. मी एकदा निळ्यांच्या टाकीतला मूठभर मॉस, दोनदा झटकून, लालांच्या टाकीत टाकला होता. चार-पाच महिन्यांनी ट्रेमध्ये तपकिरी पिल्लं आली. एक निळं पिल्लू तिथे मोठं होऊन बाप झालं होतं, आणि पुढे निघणारी त्याची लाल दिसणारी नातवंडंही भरवशाची राहणार नव्हती. ती अख्खी टाकी मला बाजूला काढलेल्यांत जमा करावी लागली. ओळीची दुसरी टाकी होती म्हणून ती ओळ वाचली.

बाजूला काढलेल्यांचं काय

मारायची काहीच गरज नाही. त्या निरोगी असतात, फक्त आपल्या ओळीत बसत नाहीत. वेगळ्या टाकीत त्या आनंदाने राहतात, शेवाळ साफ करतात, आणि त्या टाकीकडेही अधूनमधून बघा, कारण वेगळं म्हणून काढलेलं एखादं पिल्लूच उद्याच्या वाणाची सुरुवात असू शकतं. ज्यांना शोभेची टाकी लावायची आहे त्यांना त्या द्या, पण या निवडीतून वगळलेल्या आहेत हे सांगून.

ओढ्यात, तळ्यात, विहिरीत मात्र एकही सोडू नका. निओकॅरिडिना कणखर आहे. जर्मनीत वीजकेंद्राचं गरम पाणी येणाऱ्या एका ओढ्यात ती स्थायिक झालेली आढळली आहे, आणि जिथे ती मूळची नाही अशा इतर ठिकाणीही. तिथल्या स्थानिक जिवांचं खाणं आणि जागा ती घेते, शिवाय तिच्या अंगावरचे परोपजीवी बरोबर जातात.

चांगल्या कोळंब्या दुसऱ्या पैदासकाराला देताना आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा, धरून बसायला जाळीचा तुकडा. मॉस नको, कारण का ते वर आलंच आहे. अंडी धरलेली मादी शक्यतो पाठवू नका, प्रवासात ती अंडी टाकून देते. सोबत चिठ्ठी द्या: सामू, जीएच, टीडीएस, कितवी पिढी, शेवटचं बाहेरचं रक्त कधी आलं, आणि पिल्लांत अजून कोणती उणीव दिसते. माझ्या सध्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 'सातवी पिढी, पाय अजून फिके.'